साक्षीदार नसलेली घटना

अलीकडे प्रवचनांतून, वर्धापनदिनाच्या व्याख्यानांतून आणि क्वचित् लग्नाच्या पंगतीतही एक विधान मोठ्या आत्मविश्वासाने केले जात असल्याचे आम्ही ऐकतो. ते असे की, कोणी पाहत नाही तोवर जगात काहीच निश्चित नसते. पाहणारा पाहतो तेव्हाच वस्तू वस्तू होते. आणि हे आता पाश्चात्त्यांच्या पदार्थविज्ञानानेही मान्य केले असून, आपल्या ऋषींनी जे सांगितले तेच पुंजयांत्रिकी आज सांगत आहे. श्रोते माना डोलावतात. देवळाच्या सभामंडपात असे काही ऐकून घरी परतताना मनास एक प्रकारचे समाधान वाटते, हेही आम्ही नाकारीत नाही. आपल्या घरातले जुने नाणे परक्या पेढीवरही चालते असे कळले, तर आनंद कोणास होणार नाही?

आमचा धंदा वकिलीचा असल्यामुळे असेल, पण हे विधान कानी पडताच आमच्या डोळ्यांसमोर ऋषींचा आश्रम उभा राहण्याऐवजी आरोपीचा पिंजरा उभा राहतो. ‘कोणी पाहिले आहे काय?’ हा बचाव न्यायसंस्थेइतकाच जुना आहे. कल्पना करा की, एखाद्या देवस्थानाचा खजिनदार दानपेटी उघडून बसला आहे. दार लोटलेले, मोजणीस दुसरे कोणी नाही, आणि दानपेटीत पडणाऱ्या पैशास पावती नसते हे तर सर्वांस ठाऊकच आहे. त्याने त्यातल्या काही नोटा बाजूस सारल्या की नाहीत? सभामंडपातले ते तत्त्वज्ञान अक्षरशः खरे धरले, तर ‘सारल्या’ आणि ‘सारल्या नाहीत’ या दोन्ही गोष्टी त्या खोलीत सारख्याच कच्च्या होत्या, असे म्हणावे लागेल. खजिनदार स्वतः तर पाहत होता, असे कोणी म्हणेल. मग त्या घटनेचे सारे अस्तित्व एकट्या खजिनदाराच्या पाहण्यावर आणि आठवणीवर टांगले गेले! त्याने सोयीस्करपणे विसरावयाचे ठरविले म्हणजे काय उरले? म्हणून विज्ञान याविषयी खरोखर काय म्हणते, ते एकदा नीट पाहणे आम्हांस नीतीच्या दृष्टीनेही अगत्याचे वाटते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण तेथे आमचा पाय जमिनीवर असतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तिसऱ्या कलमात तीन व्याख्या शेजारीशेजारी दिलेल्या होत्या : गोष्ट शाबीत झाली, गोष्ट खोटी शाबीत झाली, आणि गोष्ट शाबीत झाली नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे आकडे बदलले, पण या तीन व्याख्या कायम राहिल्या. सामान्य माणसास पहिल्या दोन तत्काळ समजतात. तिसरी मात्र नवख्या वकिलासही चकविते. ‘शाबीत झाली नाही’ म्हणजे घडली नाही असे नव्हे, आणि अर्धीमुर्धी घडली असेही नव्हे. घडली तर पूर्ण घडली, नाही तर मुळीच घडली नाही. आम्हांस ते ठरविता आले नाही, इतकेच. उणीव न्यायालयाच्या ज्ञानात आहे, घटनेत नाही. संशयाचा फायदा आरोपीस मिळतो तो याच समजुतीवर.

आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडून चढू लागले म्हणजे वाटेत, एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुजाचे लहानसे विष्णुमंदिर लागते. तेथल्या विक्रम संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात एक दानपत्र आहे : देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि त्या बागेतून देवास रोज ५० माळा. त्यातील २७० आणि ५० या आकड्यांतली दोन वाटोळी शून्ये पाहण्यासाठी जगभरचे गणिती आज तेथे येतात, कारण निश्चित तारखेच्या जुन्या लेखांत शून्य इतके स्वच्छ कोरलेले क्वचितच सापडते. आम्हां वकिलांस शून्यापेक्षा दानपत्राचे कौतुक अधिक. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला, तर तो खरा असल्याचे अनुमान न्यायालयास करता येते. हा दस्त तर साडेअकराशे वर्षे देवाच्याच ताब्यात आहे! ती बाग आज नाही. माळा ओवणारे हात कधीच मातीस मिळाले. ते दान होताना पाहिलेला एकही डोळा आज उघडा नाही. तरीही ते दान झाले, याविषयी शंका घेण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आणि उद्या वीज पडून तो शिलालेख फुटला, तरी झालेले दान न झालेले होणार नाही.

आता पुंजयांत्रिकीकडे वळू. तिचे खरे नवल हेच आहे की, अणूंच्या आणि विद्युत्कणांच्या राज्यात कायद्याची ही साधी समजूत टिकत नाही. तेथे ‘शाबीत झाले नाही’ यापेक्षा निराळी अशी एक चौथी अवस्था आढळते, आणि तिलाच सुपरपोझिशन असे नाव आहे.

ग्वाल्हेर हे गाण्याचे गाव. तेव्हा उदाहरण तंबोऱ्याचेच घेऊ. जोडीच्या दोन तारा षड्जात मिळविताना काय होते ते गवयांस सांगणे न लगे. तारा जवळजवळ मिळाल्या, पण किंचित् अंतर राहिले, की आवाज थरथरू लागतो. क्षणात भरतो, क्षणात ओसरतो. दोन तारांच्या लहरी हवेत एकमेकींवर पडतात. कधी एकीचा चढ दुसरीच्या चढास मिळून नाद दुणावतो, कधी एकीचा चढ दुसरीच्या उतारात बुडतो. त्या थरथरीवरूनच गवई खुंटी पिळतो. चढउतारांच्या या परस्पर मेळास शास्त्रात कलेची संगती म्हणतात. येथे कला म्हणजे चंद्राची असते तशी, लहर आपल्या फेऱ्यात कोठवर आली आहे तिची खूण. हवेत त्या वेळी अमुक तारेचा नाद आहे की तमुक, असे विचारण्यात अर्थ नसतो. दोन्ही मिळून एकच नाद आहे.

विद्युत्कण हा एक कण, म्हणजे तुटक आणि मोजता येणारा. पण तो दोन वाटांनी जाऊ शकेल अशी योजना केली, तर तो तंबोऱ्याच्या नादासारखा वागतो. १९८९ मध्ये जपानात तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वेळी एकच विद्युत्कण सोडून हे दाखविले. पडद्यावर प्रत्येक कण एकाच ठिकाणी ठिपका उमटवितो. मात्र हजारो ठिपके जमल्यावर त्यांतून काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची रांग प्रकट होते, आणि असे पट्टे दोन लहरी एकमेकींवर पडल्याविना होत नाहीत. एकेकटा येणारा कण कोणाशी मिळाला? शेजारी दुसरा कण नव्हताच. त्याच्या दोन वाटाच परस्परांस मिळाल्या. येथे तंबोऱ्याचे उदाहरण संपते, हेही सांगितले पाहिजे. तंबोऱ्याच्या दोन्ही तारा कानास एकदम ऐकू येतात. विद्युत्कण कोणत्या वाटेने गेला हे पाहावयास गेलो, तर एकाच वाटेवर सापडतो, आणि पट्टे नाहीसे होतात.

सुपरपोझिशनला मराठीत अध्यारोपण असा प्रतिशब्द वापरला जातो, आणि आमच्या मते अर्धा घोटाळा या शब्दानेच केला आहे. वेदान्ताच्या अभ्यासकास अध्यारोप म्हटला की रज्जुसर्प आठवतो. अंधारात दोरीवर सापाचा आरोप झाला. दिवा आणला, साप गेला, दोरी उरली. पण दिवा येण्यापूर्वीही ती दोरीच होती! भ्रम पाहणाराच्या बुद्धीत होता. म्हणजे रज्जुसर्प आमच्या कायद्याच्या तिसऱ्या व्याख्येच्या शेजारी बसतो; दोहोंतही उणीव जाणणाराच्या ठिकाणी आहे. पुंजयांत्रिकी म्हणते ते याच्या उलट आहे. वाट अगोदरच ठरलेली होती आणि आपणांस ती ठाऊक नव्हती, असे धरले तर पट्ट्यांचा उलगडा होत नाही. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी याची अधिक कठोर कसोटी सांगितली. कण आपले उत्तर आधीपासून खिशात घेऊन निघाले असतील आणि दूरच्या घटनेचा त्यांवर तत्क्षणी परिणाम होत नसेल, तर मोजमापांचा परस्परसंबंध एका मर्यादेपलीकडे जाणार नाही. प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली. २०२२ चे नोबेल पारितोषिक अस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांस त्याच कामासाठी मिळाले. डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या मतात कणास निश्चित वाट असते खरी, पण त्यासाठी दूरदूरच्या वस्तूंचे तत्काळ बंधन मान्य करावे लागते. फुकट सुटका कोणत्याच पक्षाची नाही. तेव्हा ज्यांस रज्जुसर्पाची उपमा पुंजयांत्रिकीस लावावयाची असेल त्यांनी खुशाल लावावी, परंतु दोरी कोणती ते मग त्यांनीच दाखवावे.

विद्युत्कणाचे हे गूढ मांजरापर्यंत आणून पोहोचविले ते श्रोडिंगर यांनी, १९३५ मध्ये. पेटीत मांजर, विषाची कुपी, आणि कुपी फुटणे न फुटणे एका अणूच्या विघटनावर अवलंबून. अणू दोन अवस्थांत असेल तर मांजरही मेलेले व जिवंत असे दोन्ही असले पाहिजे! हे त्यांनी कौतुकाने सांगितले नव्हते. सिद्धान्त मोठ्या वस्तूंस सरसकट लावला तर काय हास्यास्पद प्रसंग ओढवतो ते त्यांस दाखवावयाचे होते. श्रोडिंगर उपनिषदांचे मनःपूर्वक भक्त होते, आणि आत्मा व ब्रह्म यांच्या ऐक्याविषयी त्यांनी आदराने लिहून ठेवले आहे. पण मांजराच्या कोड्यात त्यांनी उपनिषदे आणली नाहीत, हा त्यांचा संयम त्यांचे नाव घेणाऱ्या आमच्या वक्त्यांस अजून साधलेला नाही. पाहणाराचे चैतन्यच निकाल लावते, असे स्पष्टपणे मांडणारे मोठे नाव विग्नर यांचे; त्यांचा तो निबंध १९६१ चा. प्रवचनकारांचे विधान तेथून झिरपत आले आहे.

आता त्या विधानाचे पुढे काय झाले ते पाहू, कारण सभामंडपात ही दुसरी अर्धी गोष्ट कोणी सांगत नाही. १९७० मध्ये हायडेलबर्गच्या डीटर झे यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. मांजर काय, धुळीचा कण काय, कोणतीही मोठी वस्तू एकटी कधीच नसते. तिच्यावर हवेचे रेणू आदळत असतात, प्रकाश पडून परावर्तित होत असतो, ती स्वतः उष्णता बाहेर टाकीत असते. त्यांतला प्रत्येक रेणू आणि प्रत्येक प्रकाशकण ती वस्तू कोठे आहे याची थोडी थोडी खबर घेऊन निघून जातो. वस्तू ‘येथे’ असती तर तो एका दिशेने उडाला असता, ‘तेथे’ असती तर दुसऱ्या. अशा रीतीने दोन शक्यतांचा परस्पर मेळ, म्हणजेच कलेची ती संगती, त्या वस्तूत राहत नाही. सभोवारच्या असंख्य कणांत पांगते. मिठाचा खडा समुद्रात टाकावा, तसे होते : मीठ नष्ट झाले नाही, पण आता ते परत गोळा करून दाखवा! यास डिकोहिअरन्स म्हणतात. आम्ही कलाभंग म्हणू. १९८१-८२ मध्ये व्होयचेख झुरेक यांनी त्याचे गणित पुढे नेले. धुळीच्या कणास कलाभंग होण्यास हवेत जो काळ लागतो, तो इतका अल्प आहे की निमिष हा शब्द त्यापुढे युगासारखा वाटावा. जेथे हवाही नाही अशा अंतराळात विश्वाच्या आरंभीचा जो मंद प्रकाश आज सर्वत्र भरून राहिला आहे, तोसुद्धा धुळीच्या कणास दोन ठिकाणी राहू देत नाही.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. व्हिएन्ना येथे १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूंतून विद्युत्कणांसारखेच पट्टे मिळाले. पुढे त्याच विद्यापीठात सत्तर अणूंच्या रेणूंवर प्रयोग झाले, आणि आमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत आहे. २००३ मध्ये यंत्रातल्या निर्वात पोकळीत थोडा थोडा वायू सोडण्यात आला. जसजसा वायू वाढला तसतसे पट्टे पुसट होत गेले, आणि गणिताने सांगितले त्याच प्रमाणात. २००४ मध्ये वायूऐवजी रेणूच तापविण्यात आले. तापलेली वस्तू प्रकाश टाकते. रेणूने वाटेत टाकलेला प्रकाशकण त्याची जागा उघड करण्यास पुरेसा होता, आणि पट्टे पुन्हा मावळले. तो प्रकाशकण कोणी पकडला नाही. त्याकडे कोणी पाहिलेही नाही. पोलादी नळकांड्याच्या भिंतीत तो विरून गेला. रेणूची जागा उघड होण्यास ते पुरे झाले. २०१९ पर्यंत सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूंचेही पट्टे दाखविता आले आहेत. म्हणजे लहानमोठ्याची ठाम हद्द कोठे सापडलेली नाही. जेथवर खबर बाहेर फुटत नाही तेथवर दोन वाटा टिकतात, खबर फुटली की मोडतात.

चैतन्याचा यात कोठे प्रवेशच झाला नाही, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल. विग्नर यांच्याही ध्यानी आले. झे यांचे विवेचन पटल्यावर त्यांनी आपले १९६१ चे मत पुढे सोडून दिले. मोठ्या माणसाचे मत उद्धृत करणाराने ते त्याने कधी मागे घेतले हेही सांगावे, असा वकिलांचा रिवाज आहे. उलटविलेल्या निर्णयाचा दाखला देणाऱ्या वकिलाकडे न्यायाधीश कसे पाहतात, ते आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

दानपेटीच्या खोलीत आता परत जाऊन पाहावे. खजिनदाराने हात उचलला त्या क्षणी खोलीतल्या दिव्याचा प्रकाश त्या हातावरून उसळला, हवेचे अगणित रेणू त्यावर आदळून वळले, भिंती त्या उष्णतेने नकळत अधिक ऊन झाल्या. झुरेक यांचे नंतरचे काम असे सांगते की, मोठ्या वस्तूंच्या अवस्थेच्या अशा प्रती सभोवारच्या जगात अतोनात संख्येने तयार होत असतात, आणि तुम्हां आम्हां सर्वांस एकच जग दिसते त्याचे कारणच ते : प्रत्येकजण निरनिराळी प्रत वाचतो, आणि मजकूर तोच निघतो. खोलीत कोणी नव्हते हे खरे, पण खोली होती.

महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला पुत्रास घेऊन भर सभेत उभी राहते, तेव्हा तिच्या बाजूने एकही साक्षीदार नाही. गांधर्वविवाह एकांतातला. दुष्यंतास तेथे विस्मरण झालेले नाही. त्यास सर्व आठवते आहे आणि तो नाकारतो आहे. शाप, मुद्रिका आणि मत्स्याचे पोट ही कालिदासाची भर. व्यासांची शकुंतला त्यास बजावते की, एकांतात आपण एकटे होतो असे मानू नकोस. सूर्य, चंद्र, वायू, अग्नी, आकाश, पृथ्वी, जल, दिवस आणि रात्र, आणि स्वतःचे हृदय, ही सारी माणसाचे कर्म जाणतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात जेथे साक्षीदारांचा विचार चालला आहे, नेमकी तेथेच ही यादी थोड्या फरकाने पुन्हा येते. कायदेपंडितास ती साक्षीदारांच्या प्रकरणात घालावीशी वाटली, याचे आम्हांस नेहमी नवल वाटत आले आहे.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण ज्या खड्ड्याकडे बोट दाखविले त्यातच आपण पडू नये. व्यासांस कलाभंग ठाऊक होता, असे आम्ही म्हणत नाही. शकुंतलेचा वायू देवता आहे, तो जाणतो. व्हिएन्नाच्या यंत्रातला वायू काहीच जाणत नाही, तो नुसता आदळतो. तिच्या म्हणण्यास पट्ट्यांची पुष्टी नको, आणि पट्ट्यांस तिच्या आशीर्वादाची गरज नाही. पण कोणाची तरी सांगड घालावयाचीच असेल, तर ‘पाहिल्याविना काही नाही’ यापेक्षा ‘न पाहिलेलेही नोंदले जाते’ हे धर्माच्या आणि प्रयोगाच्याही अधिक जवळचे आहे, असे आमचे मत आहे. वेदान्तातही दृष्टिसृष्टिवाद हा एक पक्ष आहे, तो पाहणे म्हणजेच निर्मिणे असे मानतो, हे जाणकार आम्हांस सुनावतीलच. तथापि वेदान्ताचा मुख्य साक्षी हा अकर्ता आहे. तो प्रकाशितो, घडवीत नाही. प्रयोगशाळेतल्या निरीक्षकास त्या साक्षीच्या आसनावर बसवून त्याच्याकडून जग घडवून घेणे, हा विज्ञानावर अन्याय आहेच, पण वेदान्तावर त्याहून मोठा आहे.

आणखी एक गैरसमज टाळला पाहिजे. नोंद होते म्हणजे ती वाचता येते, असे नाही. भिंतीत मुरलेली उष्णता आणि खिडकीतून निसटलेला प्रकाश कोणत्याही फौजदारास परत आणता येणार नाही. खजिनदारावर खटला झालाच, तर दुसरा पुरावा नसल्यास ‘शाबीत झाले नाही’ असाच निकाल होईल, आणि तो योग्यच होईल. त्याची बाजू आमच्याकडे आली तर आम्हीही हेच मागू. न्यायालयास जेवढे वाचता येते तेवढ्यावरच शिक्षा द्यावी लागते. परंतु निर्दोष सुटलेला माणूस सुटकेचा हुकूम खिशात घालून घरी जाताना, जे झाले ते झालेच नव्हते असे स्वतःस पटवू लागला, तर त्या हुकुमाचा तेवढा अर्थ होत नाही. आणि यापुढे त्यास पुंजयांत्रिकीचाही आधार घेता येणार नाही.

इतके कलाभंगाने साधले. सारे मात्र साधले नाही, आणि ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन शक्यता एकमेकींस मिळेनाशा का होतात, हे तो सांगतो. त्या दोहोंतून हीच एक आपल्या वाट्यास का आली, हे तो सांगत नाही. मीठ विरघळले, पण मांजर मेले की जगले याचा निकाल गणितातून निघत नाही. त्याची केवळ संभाव्यता निघते. या ठिकाणी शास्त्रज्ञांत आजही पक्ष आहेत. काहींच्या मते गणितातच बदल केला पाहिजे. काही म्हणतात की असले प्रश्न विचारू नयेत. आणि १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट यांनी धरलेली वाट अशी की, दोन्ही शक्यता खऱ्याच होतात, जगाच्या दोन शाखा फुटतात, एकीत मांजर जगते, दुसरीत मरते, आणि एकीतल्या माणसास दुसरी पुन्हा दिसत नाही.

मराठी वाचकांस ही कल्पना घरोघर नेली ती जयंत नारळीकरांनी. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. आपल्या वाचकांस हे गोमंतकीय आडनाव जवळचे वाटेल. अपघात होऊन ते अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जेथे पानिपतावर विश्वासरावास गोळी लागली नाही आणि मराठे जिंकले. बंदुकीच्या गोळीची दिशा अणूंच्या अनिश्चिततेवर कितपत अवलंबून असेल, याविषयी वकील उलटतपासणी घेऊ शकेल. कथेत आम्ही ती घेणार नाही. ग्वाल्हेरच्या मराठी माणसास मात्र ती कथा वाचताना एक निराळीच हुरहुर लागते. १४ जानेवारी १७६१ ला ती गोळी चुकली असती, तर जनकोजी शिंदे मारले गेले नसते, शिंद्यांची दौलत कदाचित् महादजींकडे आली नसती, दौलतरावांच्या छावणीतून हे लष्कर नावाचे शहर वसले नसते, आणि आमचे पूर्वज कोठल्या कोकणातल्या किंवा देशावरच्या गावी भात नाही तर जोंधळा पिकवीत राहिले असते. त्या दुसऱ्या शाखेत आम्ही नाही.

एव्हरेटचे मत खरे की खोटे, ते ठरविण्याचा अधिकार आमचा नाही. पण त्यातून निघणारा एक युक्तिवाद आता तरुण मंडळींच्या तोंडून आम्ही ऐकू लागलो आहोत, आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे. ‘सर्वच शक्यता कोठे ना कोठे खऱ्या होणार असतील, तर मी चांगले केले काय आणि वाईट केले काय? येथे न केलेले तेथे होतेच आहे.’ ऐकावयास हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्यातली खोट अशी की, प्रत्येक शाखेचे वजन सारखे आहे असे तो गृहीत धरतो. गणित तसे म्हणत नाही. तेथे प्रत्येक शाखेस आपापले वजन आहे. माणसाचा स्वभाव, त्याची शिकवण, त्या क्षणापर्यंत त्याने लावून घेतलेल्या सवयी, यांनी काही शाखा भरघोस होतात आणि काही काडीएवढ्या उरतात. प्रामाणिक खजिनदाराची चोरीची शाखा असली तरी किती? शिवाय ज्याचे पैसे गेले तो देव आणि ते भक्त या शाखेतले आहेत. त्यांस तिकडच्या शाखेतल्या प्रामाणिकपणाचा हिशेब दाखवून काय उपयोग?

पानिपतावरचीच एक हकीकत येथे आठवते. पराभवानंतरच्या पळापळीत पाठलाग करणाऱ्या एका अफगाण स्वाराने महादजींस गाठले, पायावर घाव घालून जायबंदी केले आणि लुटून तसेच टाकून दिले. जो तो आपला जीव घेऊन पळत होता. कोण वाटेत थांबला आणि कोण पुढे गेला, याची मोजदाद करणारा त्या रानात कोणी नव्हता. राणेखान नावाचा एक भिस्ती तेथून जात होता. पखालीच्या बैलावर त्या जखमी शिंद्यास घालून त्याने दक्षिणेची वाट धरली. त्याने तसे न करता पुढे निघून जाण्याची शक्यता किती मोठी होती, हे पराभूत सैन्याचे वर्णन वाचणारास सांगावयास नको. आणि तो तसाच पुढे गेला असता, तर कोणत्याही बखरीत त्याविषयी एक ओळही आली नसती. एव्हरेटच्या कितीतरी शाखांत तो गेलाही असेल. महादजी जन्मभर एका पायाने अधू राहिले. राणेखानास त्यांनी भाऊ मानले, जहागीर दिली, सैन्याची सरदारकी दिली, आणि पुढच्या मराठी कागदपत्रांत त्या भिस्त्याचे नाव राणेखानभाई असे येते.